काच काही पीत नाही

बाबा, मी रोह्यात एका म्हाताऱ्या मावशींच्या घरी मेणबत्तीसमोर बसले आहे. हातात त्यांच्या स्वयंपाकघरातला लांब चिमटा आहे. थोड्या थोड्या वेळाने वात काचेकडे सरकते, मी तिला चिमट्याने परत मध्ये आणते. मधल्या वेळात हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं कॉलेज तुम्ही पाहिलंच नाही. पदवी घेतली, आपल्या घरातली पहिली. नोकरी शोधता शोधता पेणच्या घरीच काचेच्या ग्लासांत मेणबत्त्या ओतायला लागले. चिठ्ठीवर लिहिलं, निसर्गाबाहेरचं काही नाही. ते मला मनापासून खरं करायचं होतं.

मेण, सुगंध सगळं जमलं. अडलं ते वातीच्या बुडाशी. वातीखाली पत्र्याची छोटी चकती असते, ती ग्लासच्या तळाला घट्ट बसायला हवी. गरम करून लावायच्या गोंदाची कांडी आणली, तर मेण तापल्यावर ती मऊ पडायची. हार्डवेअरवाल्याने उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची नळी दिली. "इंजिनाला लावतात, हलणार नाय," तो म्हणाला. मी ती विकत घेतली, हुंगली आणि कपाटात ठेवून दिली. मग चिंचोके भाजले, सोलले, भिजवून वाटले आणि तुमची खळ शिजवली. कारखान्यात गणपतीचं मोडकं बोट तुम्ही तिनेच जोडायचात. चकत्या अशा बसल्या की नखाने उचलेनात. एक मेणबत्ती अर्धी जाळून पाहिली. वात सरळ होती. मेण वाया जाऊ नये म्हणून तिथेच विझवली.

आज सकाळी वीज गेली म्हणून आईने तीच अर्धी मेणबत्ती लावली. मी आंघोळीला होते. बाहेर आले तेव्हा आई ग्लासकडे टक लावून उभी. "अगो, ही वात चालते," ती म्हणाली. मला हसू आलं. मग दिसलं. तळापर्यंत मेण पातळ झालं होतं, खळ सुकून खपलीसारखी सुटली होती आणि चकती घसरत कडेला गेली होती. ज्योत काचेला चिकटून उभी, काच तिथे काळी. मी फडकं शोधेपर्यंत टक् असा आवाज झाला आणि जळतं मेण मेजावर पसरलं. मेणकापड पेटलं. आईने ओली गोधडी टाकून विझवलं. "सांडलं तर सांडलं गो, अशी काय बघतेस?" ती म्हणाली. मी रोह्याचा विचार करत होते.

या मावशी बेने इस्राएल, कोकणातल्या ज्यू. मुलं कधीच इस्राएलला गेली, त्या गेल्या नाहीत. नवरा गेला त्या दिवशी दर वर्षी त्या एक दिवा लावतात, एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. तो विझवायचा नसतो. यंदा तो त्यांनी माझ्याकडून मोठ्या ग्लासात करून घेतला होता, आणि काल संध्याकाळी लावलाही होता. मी त्यांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. गाडीला वेळ होता, मी एसटीने आले. वाटेत डोलवीच्या कंपनीचा धूर रोजचाच होता, आज मला त्याच्याकडे बघवेना.

दार उघडंच होतं. मावशी खाटेवर पडलेल्या. दिवा लाकडी फळीवर, नवऱ्याच्या फोटोखाली, आणि वर वाऱ्याने हलणारा खिडकीचा पडदा. वात तेव्हा सरळ होती. मी म्हटलं, "मावशी, विझवू या. दुसरा लावून देते."

"नाय गो. लावलेला दिवा हाय तो. तू विझवशील आनि जाशील, मी त्यांना काय सांगू?"

मग पडदा काढला, अंगणातली वाळू परातीत भरली आणि ग्लास तिच्यात ठेवला. मावशींना आता नीट दिसत नाही. माझी धडपड त्या ऐकत होत्या. "लग्न ठरलंय काय तुझं? येवढी घाबरलीस ती," म्हणाल्या. दुपारनंतर मेण तळाला पोचलं आणि वात पहिल्यांदा हलली.

आता उन्हं भिंतीवरून उतरली आहेत. चांदणी दिसेपर्यंत हा दिवा राहायला हवा. वात मघापेक्षा लवकर सरकते आहे, आणि काचेवर एका जागी काळं धरलं आहे. आत्ताच मावशींनी विचारलं, "कशानं चिकटवलीस गो वात?"

"बाबांच्या खळीनं."

"मंग टिकंल," त्या म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

बाकीच्या मेणबत्त्या ज्यांना दिल्या त्यांना फोन केले. गणपतीच्या दिवसांत रस्त्यावरच्या टेबलावरून ज्यांनी नेल्या, त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

एकदा मी मुकुटाचे काचेचे खडे खळीने लावले होते, आठवतं? मूर्ती उचलताच ते गळून पडले. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "माती पिते, कागद पितो. काच काय पीत नाय. धरणार कशाला?" खड्यांसाठी तुमची वेगळी नळी असायची, उग्र वासाची. मला ती आवडायची नाही.

हे पत्र कुठे टाकणार? मावशींच्या चुलीत जाईल, नाहीतर पर्समध्ये पडून राहील. म्हणून लिहून टाकते. ते वाक्य मला आज आठवलेलं नाही. खळ शिजवतानाच आठवलं होतं. तरी मी ढवळत राहिले, कारण भाजलेल्या चिंचोक्यांनी घरात तुमचा वास येत होता.

वात परत कडेला गेली. लिहिणं थांबवते.