दसऱ्याच्या आत ओपन फोन

८ सप्टेंबर, सोमवार

निर्णय झाला. नवा फोन घ्यायचा, आणि तो ओपन फोन. मागचं झाकण चार स्क्रू काढून उघडतं, बॅटरी आपली आपण बदलायची, आतली कंपनीची सिस्टिम पुसून आपल्या मनाची टाकायची. परदेशातली एक छोटी कंपनी बनवते. भारतात मिळत नाही, ही किरकोळ अडचण.

सेहेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सेटिंगवर जगलो. अंबडला कारखान्यात स्टोअर सांभाळतो, तिथे रॅकचे नंबरसुद्धा मॅनेजर ठरवतो. कंटाळा आला आहे. निदान खिशातली एक वस्तू तरी माझी असावी.

रूपालीला सांगितलं. ती म्हणाली, आजच पितृपक्ष लागलाय, नवीन काही घ्यायचं नाही. माझा विश्वास नाही, पण बायकोचं मन कशाला मोडा. पंधरा दिवस अभ्यास, दसऱ्याला खरेदी.

१० सप्टेंबर

अभ्यास. अडीच तास व्हिडिओ पाहिले. त्यातले दोन तास एक माणूस गिझर दुरुस्त करत होता. तो कसा लागला कळलं नाही. पण कामाचा माणूस वाटला.

१२ सप्टेंबर, रात्री ८

झेंडूच्या ऑर्डरी सुरू. गोरक्षदादा, माझा मोठा भाऊ, गिरणाऱ्याला शेती करतो. दसऱ्यासाठी दरवर्षी एकरभर झेंडू. गंगापूर रोडच्या सोसायट्यांच्या ऑर्डरी मी व्हॉट्सॲपवर घेतो, आणि मी सांगेन तेवढीच फुलं दादा आदल्या दिवशी तोडतो. जास्त तोडली तर दसऱ्याच्या संध्याकाळी ती उकिरड्यावर. कमी तोडली तर गिऱ्हाईक गेलं. वर्षाची कमाई त्या एका दिवसावर. म्हणजे कष्ट त्याचे, पण सगळा डोलारा माझ्या फोनवर.

रोज आठ वाजता दादाला फोन करून नव्या ऑर्डरी वाचून दाखवतो. तो नुसता हं, हं करतो. बिचाऱ्याच्या कितपत डोक्यात राहतं कोण जाणे.

१४ सप्टेंबर, रविवार

अभ्यासातून निष्पन्न: ओपन फोनवर बँकेचं ॲप चालेलच असं नाही. कॅमेरा बेताचा. दुरुस्ती आपली आपणच करायची. किंमत पाहून पान बंद केलं. पुन्हा उघडलं. बंद केलं.

स्वातंत्र्य स्वस्तात कुणाला मिळालंय?

सुरुवात म्हणून ऑनलाइन बॅकअप बंद केला. माझे मेसेज कुठल्याशा परदेशी गोदामात का पडून राहावेत! स्टोअरकीपरला हे समजतं.

१६ सप्टेंबर

बाबांचं श्राद्ध. गिरणाऱ्याला जाऊन आलो. खीर जास्त झाली, दिवसभर सुस्ती.

आईच्या कपाटात बाबांचा रेडिओ अजून आहे. दहा वर्षांचा असताना, आवाज सुधारावा म्हणून, मी तो एकट्याने खोलला होता आणि एकट्याने जोडला होता. तांत्रिक डोकं जन्मजातच. पुढे तो वाजला नाही, पण ते सेल संपले म्हणून. बाबा स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, सेल संपलेत, त्या मापाचे आता मिळत नाहीत. कंपन्यांचा हाच तर डाव. ओपन रेडिओ असता तर आजही वाजला असता.

दादाला हे समजावलं. तो गवारीच्या शेंगा मोडत बसला होता. म्हणाला, तुझ्या फोनमंदी ऑर्डरी हायेत ना, दसऱ्यापोत्तर त्याला हात लावू नको. मी हसलो. शेतकरी माणूस, नव्या गोष्टीला घाबरणारच.

१८ सप्टेंबर

नवी कल्पना! ओपन फोन झेपेल की नाही हे ठरवायला आधी आपल्याच फोनवर सराव करावा. नवीन काही घेत नाही, म्हणजे पितृपक्षही मोडत नाही.

मोबाइल रिपेअरवाल्या यादवकडे गेलो. तो म्हणाला, साहेब, सिस्टिम बदलायला कंपनीचं आतलं लॉक उघडलं की फोन कोरा होतो, सगळं पुसलं जातं, आणि सिस्टिम चुकीची पडली तर फोन मेला समजा. त्याचं बरोबर आहे. लोक घरी शिकले तर त्याचं दुकान कसं चालणार?

२१ सप्टेंबर, रविवार, दुपारी २

आज. रूपाली म्हणते अमावस्येला नको. मी म्हटलं, सुट्टी आजच आहे.

पूर्ण तयारी. सगळ्या ऑर्डरी, चौतीस घरं, बॅकअपमध्ये घेतल्या. बॅकअप फोनमध्येच ठेवला, म्हणजे परदेशी गोदामाचा संबंध नाही. दोनदा घेतला. दोन्ही वेगळ्या फोल्डरला.

दुपारी ४.१०

फोन कोरा झाला. व्हिडिओत होतं तसंच. छान चाललंय.

दुपारी ४.४०

स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं, जातं. परत येतं.

सायंकाळी ७

अजून तेच.

बॅकअप फोनमध्ये आहे. फोन कोरा झालाय. हे दोन्ही मिळून काय होतं ते आत्ता लक्षात आलं. बसून राहिलो. रूपालीने चहा आणून ठेवला. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

यादवकडे गेलो. त्याने फोन हातात घेतला, परत दिला. पैसे घेतले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

रूपाली म्हणाली, सिम माझ्या फोनमध्ये टाका आणि लोकांना पुन्हा विचारा. तिला कसं समजावू? एकदा दिलेली ऑर्डर पुन्हा विचारली तर दादाच्या फुलांची पत जाते. शिवाय चौतीस घरं माझ्या डोक्यात आहेत.

रात्री ८ वाजता तिच्याच फोनवरून दादाला रोजच्यासारखा फोन. आज ऑर्डर नाही म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता. म्हणून दोन सांगितल्या: निवृत्त कर्नल देशमुख, सात किलो, मोहिनी बंगला, पाच किलो. हे लोक नाहीत. पण असू शकतात.

२४ सप्टेंबर

आठवून यादी केली. नऊ घरं आठवली. त्यातली दोन गेल्या वर्षीची. एक आमचंच.

दादाला आणखी तीन ऑर्डरी सांगितल्या. कर्नलसाहेबांनी दोन किलो वाढवले.

२७ सप्टेंबर

पाऊस. झेंडू टिकेल का याची दादाला काळजी. म्हणाला, लय जीव लावलाय औंदा, एक बी किलो वाया जायला नको. मला रात्री झोप लागली नाही. खोटं बोलायला इतकं दमायला होतं हे माहीत नव्हतं. उद्या सगळं सांगून टाकायचं.

२८ सप्टेंबर

रविवार. दादाला विश्रांती हवी. उद्या.

२९ सप्टेंबर

दादाने विचारलं, किती तोडू? आता सांगणारच होतो. तोंडातून निघालं, सव्वाचारशे किलो. आकडा एकदम ठाम आला. इतक्या वर्षांचा अनुभव आहे, तो काय फोनमध्ये असतो?

रूपालीच्या फोनवर ओपन फोनचं पान उघडून पाहिलं. साठा संपला आहे. बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी दादाचा पिकअप आला. मी पार्किंगमध्ये उभा. ठरवलं होतं, गाडी थांबली की पहिलं वाक्य खरं बोलायचं.

मागचं फळकं पडलं. आत पिशव्या. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी. जोशीबाई, बी विंग, दोन किलो. डॉ. पाटील, तिसरा मजला, चार किलो. चौतीसच्या चौतीस.

दादा म्हणाला, तू रोज फोनवर वाचतो ना, हर्षाली लिहून घेती. हर्षाली त्याची सून. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाला, पहिल्या सालापासूनच. तू बाबांचा रेडिओ खोलला ना, तवापास्नं आमच्यात ठरलंय, शेखरच्या हाती दिलेलं दुसरीकडं बी लिहून ठेवायचं. रागाने नाही म्हणाला. बोलताबोलता पिशव्या उतरवत होता. माझे सव्वाचारशे त्याने मनावरच घेतले नव्हते, वहीप्रमाणे तोडलं.

चार तासांत सगळं घरोघर गेलं. पाच पिशव्या उरल्या. सगळ्यात मोठीवर लिहिलं होतं: कर्नल देशमुख, नऊ किलो. दादाने विचारलं, हे कुठं राहत्यात?

सांगितलं. सगळंच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पिशव्या पुन्हा गाडीत टाकल्या आणि म्हणाला, चल, उद्या घरच्या पूजेला होतील. अठ्ठावीस किलो. दादाने हंगामभर जपलेला झेंडू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ ऑक्टोबर, दसरा

गिरणाऱ्याला. ओसरीवर अवजारांची पूजा. विळे, फवारणीचा पंप, पिकअपची किल्ली. सगळं कर्नलसाहेबांच्या फुलांत बुडालेलं. यंदा कुणाच्याच दारात एवढा झेंडू नव्हता.

आईने कपाटातून रेडिओ आणून ठेवला. दरवर्षी ठेवते. मग म्हणाली, तुझा फोन पण दे. मी म्हटलं, तो बंद आहे. म्हणाली, असू दे. रेडिओच्या शेजारी ठेवला, कुंकू लावलं.

शेजारचे मंगळूबाबा आपट्याची पानं द्यायला आले. फोनकडे बघून म्हणाले, शेखरच्या फोनला काय झालं गं चतुराबाई? आई हळदीची वाटी शोधत होती. वर न बघता म्हणाली, काय नाय, सेल संपल्यात त्याचं.

मंगळूबाबांनी मान डोलावली.

मी फुलं वाहायला रेडिओ जरा पुढे ओढला. मागून वायर आली. टोकाला प्लग. सेल घालायची जागा शोधली. सगळीकडून पाहिलं. नव्हती.

वायर गुंडाळून मागे सारली, वर थोडी फुलं घातली.