किरणासमोरची पट्टी

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! पन्नाशीला टेकलेल्या संस्कृतच्या माणसाने प्रयोगशाळेची माहितीपुस्तिका लिहायची, म्हणजे आंधळ्यापुढे आरसा. यंत्र सांभाळणाऱ्या आक्कांनी आल्याआल्या मला 'शास्त्रीबुवा' करून टाकलं. काचेवर चुंबकीय धातूचा थर असतो, इतका पातळ की माझं विज्ञान त्यापुढे जाड. त्यावर डोळ्यांना न दिसणारा लेसर सोडायचा; परतताना त्यातला कणभर प्रकाश निळा होऊन येतो, दोन कण मिळून एक. मी म्हटलं, आमच्यात याला संधी म्हणतात. आक्का म्हणाल्या, मग विग्रह करून दाखवा, जन्मभर चहा मी पाजते. त्या निळ्यावरून थराचा नकाशा पडद्यावर उमटतो. चुंबक उलटवला की उजळ भाग काळवंडतो, काळा उजळतो. मजा आहे.

६ तारीख, गुरुवार
दुपारी वाचत बसलो होतो. पानात खूण ठेवायला काही सापडेना. लेसरशेजारी एक काळी पट्टी नुसतीच उभी होती, रिकामटेकडी, माझ्यासारखी. घेतली.

७ तारीख
आक्कांचा डावा डोळा गेला. भरकटलेला किरण ती पट्टी अडवायची. निळा नीट लागतोय का हे बघायला त्यांनी लेसरपासून जपणारा चष्मा क्षणभर वर केला होता. साहेब म्हणाले, पट्टी लावायला आक्काच विसरल्या. मी मान डोलावली. मान डोलवायला व्याकरण लागत नाही.

११ तारीख
आक्कांना भेटून आलो. चूक माझीच हो शास्त्रीबुवा, म्हणाल्या, वय झालं. सांगणारच होतो. चहा छान झालाय, एवढंच म्हणालो.

१४ तारीख
नकाशात एक गोल डाग. मधोमध बुबुळ. चुंबक उलटवला. उजळ-काळं उलटायला हवं होतं. उलटलं नाही. बुबुळ वळलं — माझ्याकडे. साहेबांना नुसते ठिपके दिसतात.

१७ तारीख
आक्कांना कामावरून काढणार. उद्या सही. उद्या सांगतो. नक्की.

१८ तारीख
सही झाली. मी तिथेच उभा होतो.
पुस्तक उघडलं — खूण नाही. पट्टी लेसरशेजारी उभी आहे. मी ठेवलेली नाही.
पडद्यावर आता दोन डोळे. दुसऱ्या डोळ्याच्या पापणीवर तीळ. तसा तीळ माझ्या —

आरसा पाहिला. डाव्या पापणीवरचा तीळ नाही.
डावीकडून निळं पसरतंय. ओळी वर-खाली — लिहूनच टाकतो. आक्का विसरल्या नव्हत्या. ती पट्टी मी घे—