भरलेल्या खुर्च्यांचा सत्कार

मुलुंड (पूर्व), बुधवार

तीर्थस्वरूप रतनआत्येस,

सुगंधाचा साष्टांग नमस्कार. (उड्या मारत मारत घातलाय, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना, की बाटली देवाजवळ ठेवून नुसता नमस्कार करतेस? आतोबांचा खोकला, लाल गाय, पडवीची कौलं, सगळ्यांची खुशाली कळव. फोनवरच सांगितलं असतं, पण तू अर्ध्यावर तोडून "बरं, जेवलात का?" विचारतेस, आणि हे अर्ध्यावर तोडण्यासारखं नाहीच मुळी. आत्या, आमच्या फायर स्टेशनला वीस माणसं मंजूर झाली! वीस!

पहिल्यापासून सांगते. आमचे हे ज्या भांडारवाडीच्या केंद्रावर आहेत, तिथे एका पाळीला पंधरा जवान हवेत, असतात सात. म्हणून तर तुझे जावई चार वर्षं गणपतीला गावी आले नाहीत आणि तू मला "नवऱ्याला सोडत नाहीस" असं चारचौघांत ऐकवलंस. (मी विसरलेली नाही.) डबल ड्युटी करून आले की बूट काढता काढता झोपतात गं. गेल्या महिन्यात एक बूट पायात, एक हातात, तसेच भिंतीला टेकून झोपलेले, मला रडूच आलं. तर यंदा वीस जागांचा प्रस्ताव समितीपुढे आला. पण पैसा एकच आणि मागणारे दोन: आमची वीस माणसं, नाहीतर नाक्यावरचं रंगीत कारंजं. कारंज्याच्या बाजूने चंद्रप्रकाशशेठ नावाचे नगरसेवक. वर्षाला आगी लागतात किती, मग माणसं बसवून कशाला ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. शेवटी अध्यक्षा मृणालिनीताईंनी ठरवलं, आधी केंद्राची पाहणी, मग मतदान.

पाहुणे येणार म्हटल्यावर मी गप्प बसेन का? आमच्या महिला मंडळाने त्याच दिवशी जवानांचा सत्कार ठेवला. मंडप, शाली, नारळ, पंधरा खुर्च्या, एकदम झकास! आणि सकाळी लक्षात आलं, खुर्च्या पंधरा आणि जवान सात. स्टेजवर आठ खुर्च्या रिकाम्या कशा दिसतील? आपल्याकडे कार्याची पंगत अशी कधी बसलीय का? मग मी क्वार्टर्समधल्या बायकांकडून इस्त्रीचे जादा गणवेश मागून आणले आणि सोसायटीतल्या आठ पुरुषांना चढवले. केटरिंगवाला हर्षद, पोस्टातले विशालभाऊ, असे सगळे, आणि तुझा मिहिर. (आमच्याकडे राहून नोकरी शोधतोय, तो निदान कुठेतरी बसला, असं मला वाटलं.)

अगं, त्या रिकाम्या खुर्च्या म्हणजेच तर आमचं सगळं म्हणणं होतं! पण हे माझ्या टाळक्यात शिरायला शेठ यावे लागले. ते आले, बोटाने खुर्च्या मोजत गेले आणि ताईंना म्हणाले, "पंधराच्या पंधरा भरल्यात की! कमी कुठे आहेत?" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की नारळ माझ्याच डोक्यावर फोडतील. झालं, वाट लागली! ह्यांची सुट्टी मी माझ्या हाताने शालीत गुंडाळून परत दिली.

इतक्यात घंटा वाजली. जवळच्या एका इमारतीत मीटरच्या खोलीला आग. सातजण शाली टाकून पळाले, मिनिटभरात गाडी बाहेर. आणि आठजण तसेच, मांडीवर नारळ घेऊन! ताईंनी हर्षदला विचारलं, "अहो, तुम्ही का जात नाही?" तर तो मेला म्हणतो, "मॅडम, वडे तळायचे राहिलेत." मी मंडपाच्या खांबामागे. एकटा मिहिर तेवढा उठला आणि गाडीमागे फाटकापर्यंत पळाला. ह्यांनी त्याला हाताने मागे ढकललं. तो परत आला, पण खुर्चीत बसला नाही.

मग केंद्राचा फोन वाजायला लागला. सातच माणसं, फोनवर बसणाराही गाडीवर गेलेला. शेठ जवळ होते, त्यांनीच उचलला. एक आजी एकटीच लिफ्टमध्ये अडकलेली, मोबाइलवरून बोलत होती, जीव घाबरा झालेला. शेठ ऐटीत म्हणाले, "लगेच माणसं पाठवतो," आणि वळून बघतात तर समोर हर्षद आणि कंपनी. शेजारच्या केंद्राची गाडी पोचायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ शेठ फोनला चिकटून आजीला धीर देत होते. नातवाचं सांगितलं, मधुमेहाचं सांगितलं, विषय संपले तेव्हा कारंज्याचंही सांगितलं. आजी म्हणाली, "कारंजं राहू दे रे बाबा, माणूस कधी येतंय?" (आजी सुखरूप आहे, मी पेढे देऊन आले.)

काल सभा झाली. शेठ स्वतः उठले आणि म्हणाले, कारंजं नंतर, आधी माणसं. सगळे हात वर! मी प्रेक्षकांत बसून अशी शिट्टी मारली, की शिपायाने मला बाहेर काढलं. काढू दे ना!

तुझीच, निदान आजच्यापुरती लाडकी,
सुगंधा

ता. क. हे यंदाही गणपतीला येत नाहीत. नव्या वीस जणांना शिकवायला अनुभवी माणूस हवाय. तो कोण, ते तू ओळख.

ता. क. २. खरं काम असं. मिहिरचे दाखले तुझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत, ते कुरियरने पाठव. त्या जागांची जाहिरात येतेय. मला म्हणाला, "ताई, भावोजींनी ढकललं ते बरोबरच होतं, मला काही येत नव्हतं. पण त्या आजींचा फोन आला तेव्हाही मी नुसता उभा होतो. मला परत तसं उभं राहायचं नाही." तू म्हणशील, सुगंधे, पानभर नवऱ्याच्या हालांचं रडगाणं गायलंस, आणि माझा एकुलता एक मुलगा त्याच आगीत घालतेस? दोन दिवस मीही हेच म्हणत होते. पण माणसं द्या, माणसं द्या म्हणून मीच गावभर बोंबलले. आता आपल्या घरातला सोडून बाकीचे द्या, हे कुठल्या तोंडाने सांगू?

ता. क. ३. फॉर्मवर आईची सही लागत नाही. मी त्याला दोनदा सांगितलं. तरी तुझं पत्र येईपर्यंत तो भरणार नाही.