उत्तराची जागा

ता. ४ मार्च

ती. आईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र. आधी तुझा जीव भांड्यात पडू दे: मी जेवते आहे, आणि बूट अजून तेच आहेत. बोटीवरचं भांडी घासायचं काम सुटलं (मी सोडलं की त्यांनी, हा वेगळा विषय) आणि भटकत भटकत मावशीच्या दारात येऊन उभी राहिले. तिचं नावही काढू नकोस म्हणाली होतीस. पण दुसरं दार माहीत नव्हतं.

दार टाचणीने, मावशीच्या त्या मैत्रिणीने, उघडलं. केस पांढरे झालेत, पण डोकं अजून अर्धंच भादरलेलं, आणि कानात तीच टाचणी. मला बघून म्हणाली की ही तर ताईंचं नाक घेऊन आली. सव्वीस वर्षं दोघी एका घरात राहतात आणि डब्याचं झाकण कुणी लावायचं यावरून रोज भांडतात. अगदी नवरा-बायकोसारख्या, असं लिहिणार होते, पण तुला राग येईल. लिहिलंच.

मावशीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग जुन्या बर्फाच्या कारखान्यात चालतं. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, दाराला रबर. आत शिरलं की स्वतःच्या पापण्या ऐकू येतात. यंत्रवाले काका टेप चालवतात आणि मी हेडफोन लावून कुठे काय बिघडलं ते वहीत टिपते. दहावीला तीनदा बसलेल्या मुलीच्या हाती वही दिली आहे, बघ.

गाणं आजीचंच, दोन काठांचं. पूल नव्हता तेव्हा एका काठावरची बाई विचारायची आणि पलीकडची उत्तर द्यायची, ते. मावशी नुसतं विचारते, 'पलीकडच्या बाई गं, पाणी किती खोल?' आणि गप्प बसते. उत्तराची जागा रिकामी. आधीच्या सहाही रेकॉर्डवर तसंच! पहिली रेकॉर्ड टायरच्या दुकानावरच्या खोलीत झाली. तेव्हा बँडमधल्या त्या चौघी पोरी नुसत्या किंचाळायच्या, तीन तारांची गिटार आणि टाचणीचा ढोल, आणि ही जागा पापणी लवेपर्यंतची होती. पुढे गाणं संथ होत गेलं आणि जागा वाढत गेली. आता बारा सेकंद आहे. टाचणी म्हणते की रस्त्यातल्या खड्ड्याला वळसा घालावा तशी मी जन्मभर तिच्याभोवती वाजवते आहे, मला आत पाय टाकू दिलेला नाही. ऐकणाऱ्यांना मात्र वाटतं की ती जागा टाचणीसाठीच राखलेली आहे.

मूळ गोष्ट राहिलीच. त्या बारा सेकंदांत काटा हलतो. आवाज मोजायचा काटा गं. खोलीत कुणी हलत नाही, मावशी श्वास धरून उभी असते आणि काटा हलतो. हेडफोनमध्ये बाईमाणसाचा श्वास येतो, गाण्याआधी घेतात तसा. काका म्हणतात, दर रेकॉर्डला हेच. चौथीच्या वेळी तर काहीतरी पडून वाजलं होतं, त्यांनी सगळी जमीन हुडकली.

मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन २६ तारखेला आहे. डॉक्टर स्पष्ट बोलले की आवाज राहणार नाही. म्हणजे ही शेवटची रेकॉर्ड. यंदाही उत्तर आलं नाही तर ब्लेडने टेप कापून ती जागाच काढून टाकीन, असं तिने ठरवलंय. मग कुणाची वाट बघितली होती हे कुणाला कळणारही नाही.

राग आहे तेवढाच ठेव, लोभ थोडा वाढव.

तुझी,
भिंगरी


ता. १० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बोटीवरचं काम सुटणार हे तू चढलीस त्याच दिवशी मी शेजारणीला सांगितलं होतं. बुटांसाठी पाकिटात नोटा घातल्या आहेत, त्याचे बूटच घे, बासरी नको.

मी ठीक आहे. दुकानात पडद्यांचं काम आलंय, मशीनवरून उठायला सवड नाही. जुन्या कारखान्यात उंदीर असतात आणि उंदीर श्वास घेतात. त्यात नवल ते काय?

तिच्या विषयावर मला बोलायचं नाही. मी तिला तेव्हा एकदाच बोलले होते, की ती बाई तुझ्या घरात असेपर्यंत मी तुझ्या हाकेला ओ देणार नाही. दिलेला शब्द मी उसवत नाही. गळ्याला गरम कापड बांधते की नाही ते मात्र बघ. लहानपणी बांधायची नाही.

आणि चौथ्या रेकॉर्डवर जे पडलं, ते कितव्या कडव्यात? सहज विचारते.

जीव लावून राहा आणि वेळेवर जेव.

आई


ता. १४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बूट घेतले. बासरीचा भाव फक्त विचारला.

काकांनी चौथ्या रेकॉर्डची मूळ टेप लावली. तिसरं कडवं. मावशीचा प्रश्न संपतो, श्वास येतो, आणि टिण्ण! काहीतरी हलकं, धातूचं पडतं, गडगडत जातं आणि लाकडाला लागून थांबतं. त्या खोलीत लाकूड नाहीच, आई. सगळं सिमेंट आहे.

काल नव्या रेकॉर्डचं तिसरं कडवं झालं. त्यात श्वासाखाली आणखी काही आहे. खड खड खड, थांबतं, पुन्हा खड खड. काका म्हणाले पंखा असेल. पण मी त्या आवाजावर झोपून मोठी झाले आहे. पायाने चालवायची शिलाई मशीन आहे ती. एरवी माझा पाय एका जागी ठरत नाही, काल मात्र उठता येईना.

मी कुणाला बोलले नाही. मावशीचा आवाज दुपारनंतर चिरतो. चौथं कडवं राहिलंय. गळ्याला कापड बांधते. टाचणी बांधते, ती सोडते, टाचणी पुन्हा बांधते.

लवकर लिही. लोभ नंतर बघू.

भिंगरी


ता. १८ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हे पत्र वाचून तुझी आई खोटारडी निघाली असं म्हण. सहाही रेकॉर्ड माझ्याकडे आहेत, चिंध्यांच्या पेटीत, तळाशी. दुसरी तिने पाठवली होती, तिच्यावर त्या दोघींचा फोटो होता आणि 'जिच्यावर माझं प्रेम आहे तिला' असं छापलेलं. गिऱ्हाइकं काय म्हणतील म्हणून न उघडता परत केली, आणि महिन्याने दूरच्या दुकानात जाऊन तीच विकत आणली.

दुपारी गल्ली झोपली की मी दुकानाचं दार ओढून घेते आणि रेकॉर्ड लावते. ती विचारते. मी उत्तर देते. आजीचा नियमच होता: धाकटीने विचारायचं, थोरलीने सांगायचं. 'उतरशील तर घोट्याएवढं गं, थांबशील तर खोल.' वाटायचं, दाराआड दिलेली ओ शब्द मोडत नाही.

चौथी रेकॉर्ड मला उशिरा मिळाली, गेल्या ऑगस्टमध्ये. तिसऱ्या कडव्याला माझ्या बोटातलं, सुई टोचू नये म्हणून घालते ते अंगुस्तान निसटलं, गडगडत मशीनच्या लाकडी पायाशी जाऊन थांबलं. ती टेप कधी भरली होती? नऊ वर्षं झाली ना? तेव्हा ते अंगुस्तान माझ्याकडे नव्हतंही.

आणि तुमची नवी रेकॉर्ड मी अजून ऐकलेली नाही. तरी त्यात माझं मशीन वाजतंय. काल दिवसभर मी पायडलवर पाय ठेवला नाही. पडदे तसेच पडलेत.

तिला हे सांगू नकोस. की सांग. मला कळेनासं झालंय.

आई


ता. २१ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. चहाच्या वेळी पत्रच वाचून दाखवलं. मावशीने कप खाली ठेवला. मग म्हणाली की ताई पहिल्यापासूनच उशिरा ओ द्यायची, आमची आई तीनदा हाक मारायची तिला. टाचणी रडली आणि वर मलाच ओरडली, की चहा निवला.

काकांचं ब्लेड मावशीने कारखान्याच्या दारातून बाहेर फेकलं. पायरीवर मांजर होतं, वाचलं. (ते मांजर आता रोज येतं, पण ते असो.)

आज मावशी चौथं कडवं भरायला उभी राहिली. 'पलीकडच्या' एवढंच निघालं, पुढे नुसती हवा. दोनदा, तीनदा. काकांनी यंत्र बंद केलं. ऑपरेशन उद्यावर आणलंय.

आई, प्रश्नच अर्धा राहिला आहे. आता उत्तर कशाला देणार? मी तुला कधी काही मागितलं नाही, बासरी सोडून. ये.

भिंगरी


ता. २४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

दुकानाला कुलूप लावलं. गिऱ्हाइकाला सांगितलं की बहिणीकडे चालले आहे, बहीण आणि तिची बायको एकत्र राहतात तिकडे. तो आपले पडदे घेऊन गेला. जाऊ दे. पत्राआधी मीच पोचेन बहुतेक.

आई


ता. १७ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी आले आणि आठव्या दिवशी तू पसार. नावाला जागलीस. बूट जप.

धाकटी बरी आहे. आवाज गेला तो गेलाच. पाटीवर लिहिते, आणि जितकी बोलायची त्याच्या दुप्पट लिहिते. टाचणीने पहिल्या दिवशी मला ताई म्हणावं की बाई यात अर्धा तास घालवला. आता दोघी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, एक तोंडाने, एक पाटीवर. माझं मशीन मागवून घेतलंय. परवा येईल. खिडकीपाशी जागा केली आहे, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र शेजारीच. तुला ऐकू आलेली ती खड खड अजून व्हायची आहे, ते तू ओळखलं असशील.

काल चौथं कडवं भरलं. मला त्या खोलीत श्वास घ्यायची भीती वाटत होती, की तो कुठल्या सालात जाऊन पडेल. काकांनी विचारलं की उत्तरापासून करू या का. मी म्हटलं, प्रश्नच झालेला नाही, तर तो मी विचारते. आजीचा नियम मोडला. धाकटी समोर स्टुलावर बसली होती, गळ्याला पट्टी. टाचणी तिच्याशेजारी, दोन्ही हात मांडीवर.

मी विचारलं, पाणी किती खोल. मग बारा सेकंद गप्प उभी राहिले. धाकटीचे ओठ हलले, आवाज काही नाही. पण काटा उठला, भिंगरी, आणि शेवटाला जाऊन टेकला. काका खुर्चीतून उभे राहिले.

टेप मागे घेऊन लावली. वीस वर्षांच्या पोरीचा आवाज, फाटलेला, भरधाव, नरड्याच्या शिरा ताणून किंचाळणारा. उतरशील तर घोट्याएवढं! आणि खाली ढोल. टाचणी स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली की हा ढोल टायरवाल्याच्या खोलीतला आहे, तेव्हा एका बाजूचं कातडं फाटलं होतं, तसाच वाजतोय. आणि म्हणाली की बघ, शेवटी तिने मला आत घेतलंच.

धाकटीने पाटी पुसली आणि लिहिलं: टायरवाल्याच्या खोलीत तेव्हा ताई, तू विचारलंस असं मला ऐकू आलं होतं, म्हणून एवढं ओरडले.

फिरून झालं की ये. दार कुणीही उघडो, आता मीच ओ देईन.

तुझी,
आई