कारखान्यामागची माती

अण्णा, तुमच्या कारखान्याच्या जागी आता बाग झाली आहे. तुम्ही जाऊन वर्षं झाली, शतक संपत आलं, मी अजून बसवनगुडीतच आहे, पण यंदा घटस्थापनेच्या आधी मुद्दाम बस बदलून होसूर रोडला गेले. सायकलींच्या हँडलांना चकाकी देऊन उरलेलं पिवळं पाणी जिथे सोडायचे, तिथे हिरवळीवर एक कुटुंब चित्रान्नाचा पिवळा भात खात बसलं होतं. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी झोपाळ्यावर जाऊन बसले.

खंडेनवमीला तुम्ही आम्हाला तिथे न्यायचात. यंत्रांना झेंडूच्या माळा, फाटकापाशी फोडलेला कोहळा, आणि तुम्ही इस्त्रीच्या शर्टात, कारखाना जसा काही तुमच्याच वडिलांचा. आपल्याला शेत नाही, म्हणून घटस्थापनेची मातीही तुम्ही तिथूनच आणायचात, मागच्या भिंतीपलीकडची. "आपलं पोट जिथे चालतं तिथलीच माती घटाला हवी," म्हणायचात. त्या मातीत धान कधी धड रुजलं नाही. बोटभर यायचं आणि करपायचं. दसऱ्याला तुमच्या कानावर खोवायला तुरा नसायचा. आपल्याच सोवळ्यात काही कमी पडलं असं धरून आई सणाच्या दिवशी उपाशी राहायची. तुम्ही काहीच बोलत नसायचात. नाकातून रक्त आलं की मान वर करून पडून राहायचात, उन्हाचं आहे म्हणायचात.

बागेतला इंजिनिअर पुण्याकडचा निघाला. "मॅडम, जुनी माती पूर्ण काढली. चकाकीच्या पाण्यातलं क्रोमियमचं विष होतं त्यात, गवतसुद्धा जगत नव्हतं. ही सगळी बाहेरून आणलेली." जुनी कुठे गेली, मी विचारलं. ताडपत्री घालून ट्रकने नेली, लांब कुठेतरी पुरली, म्हणाला. मला बरं वाटायला हवं होतं. समोर मुलं खेळत होती. तरी कुणी न विचारता आपलं घर रिकामं केल्यासारखा राग आला, आणि तो नक्की कुणाचा तेच समजेना. मालकाचा, त्या इंजिनिअरचा, की तुमचा? तुम्हाला ठाऊक होतं का, अण्णा?

आईने "त्यांच्या कारखान्यातली स्वल्प माती आण" एवढंच सांगितलं होतं. मी बागेतली पिशवीभर आणून दिली, बोलले काही नाही. यंदा धान वीतभर तरारून आलं. आई घटापुढे बसून डोळे पुसत म्हणाली, "इतक्या वर्षांनी माझ्या हातून नीट झालं बघ." तेव्हा मात्र मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

तिने पदर डोळ्यांवरून खाली घेतला. मग म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही, आई."

तिने घटावर पाणी शिंपडलं आणि हळूच म्हणाली, "अण्णांना हे कळू देऊ नकोस गं. त्या जागेचा फार अभिमान होता त्यांना."

मी सरी, बरं, म्हटलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, घडी करून ठेवायचं आहे. तरी तिला दिलेला शब्द मी मोडलाच, अण्णा.