विहिरीच्या गाण्यातला खोकला

१ मार्च, रविवार

काल लासूर स्टेशनचा कार्यक्रम. गर्दी चांगली. जेवणही चांगलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना.

शाहीर आप्पांचं विहिरीचं गाणं. दुसऱ्या कडव्यानंतर दादाचा आवाज मी नेहमीसारखा खाली ओढला. बास आणि ढोलकी तेवढी ठेवली. त्याची शेवटची ओळ इकोत फिरत फिरत विरून जाणार, हे ठरलेलं. आमचं डब म्हणजे तेच, गाणं उघडं करून दाखवायचं. ओळ विरत होती आणि मधेच स्पीकरमधून खोकला आला. एकदा नाही. ख... ख... ख... इकोत गुंतून सगळ्या मैदानावर फिरला. पुढच्या रांगेतली पोरं हसली.

फेडर, म्हणजे दादाच्या आवाजाची सरकपट्टी, पूर्ण खाली होता. मग खोकला गेला कुठून?

टेम्पोत दादा मागं माझ्याजवळ. मी विचारलं, घसा बसलाय का? म्हणला, धूळ होती.

धूळ मला नाय दिसली.

३ मार्च

कॉलेज सुटल्यावर मिक्सर उघडून बसले. सापडलं. दादाच्या चॅनलवरचं इकोकडं आवाज पाठवणाऱ्या सेंडचं छोटं बटन दाबलेलं होतं. ते दाबलं की फेडर खाली असला तरी आवाज इकोला जात राहतो. मी ते कधीच दाबत नाही. दाबलं तर आवाज काढून टाकण्यात अर्थच उरत नाही.

चुकून दाबलं जाणारं बटन नाही ते. पेनाच्या टोकानं दाबावं लागतं.

मिक्सरला हात लावणारे तीन जण. मी, आसिफभाई, आणि बॉक्समधून काढताना-ठेवताना दादा. दादाला आवाज मोठा-बारीक सोडून कशातलं काही कळत नाही. म्हणजे आसिफभाई.

आसिफभाई असं का करतील, हे मात्र सुचत नाही. आमच्यात बास वाजवतात. शहागंजात ॲम्प दुरुस्तीचं दुकान, त्याच्यावरच्या माळ्यावर आमची प्रॅक्टिस. आवाज घुमवणारं स्प्रिंगचं रिव्हर्ब त्यांनीच जुन्या ॲम्पमधून काढून मला बनवून दिलं. माझ्याआधी मिक्सिंग तेच करायचे. आता मी करते.

ते मनात असेल का काही?

५ मार्च, गुरुवार

दुकानात गेले. आसिफभाई सोल्डरिंग करत होते. सरळ विचारलं नाही. म्हणलं, ते बटन खराब झालंय का, आपोआप दाबलं जातंय.

वर न बघता म्हणाले, "आपोआप कुछ नै होता. मेरे कू मत देख. तेरे भाई कू पूछ."

मग हळूहळू सांगितलं. दादा लासूरच्या आधी एकटाच दुकानात आला होता. त्याला कळून घ्यायचं होतं की सुजातानं, म्हणजे मी, आवाज बंद केला तरी कुठून तरी बाहेर जाईल असं काही असतं का. आसिफभाईंनी सांगितलं, असतं. बटन दाखवलं. त्यांना वाटलं, आमचं दोघांचं काही ठरलं असेल.

परत येताना गाडी चुकीच्या गल्लीत घातली. म्हणजे दादा. माझ्या पाठीमागं.

माझ्यावर विश्वास नाही, असंच ना हे?

८ मार्च

प्रॅक्टिस. बटन मी परत वर केलं, दादाच्या समोर. त्यानं बघितलं.   आसिफभाई दोघांकडं बघून बास जुळवत बसले, जुळलेला असताना.

सांगायचं होतं त्याला, तुला बंद करते ते गाण्यासाठी करते. लोकांना ओळ मनात पुरी करू द्यायची, म्हणून. हे आपण तिघांनी मिळूनच सुरू केलं. आप्पांची गाणी जशीच्या तशी गाणारे खूप आहेत, आपण वेगळं करू, हे वाक्य तर त्याचंच.

नाही सांगितलं. आधी त्यानं बोलावं.

१५ मार्च, रविवार

आज भलतंच.

दादा स्वतःहून म्हणला, विहिरीच्या गाण्यात मला अजून काढ. दुसरं कडवं निम्मं काढ. शेवटची ओळ तर पूर्ण इकोवरच सोड, लोकांना तेच आवडतं.

पंधरा दिवसांपूर्वी हाच माणूस मी आवाज काढू नये म्हणून चोरून बटन दाबत होता.

आसिफभाईंनी बासची तार दाबून धरली आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना पण खटकलं.

२२ मार्च

आज हेडफोनचं बटन वापरलं. दादाचा फेडर खाली ओढल्यावर त्याचं चॅनल एकटं कानात घेतलं. स्पीकरवर काही जात नाही, फक्त मला ऐकू येतं.

पूर्वी कधीमधी असंच ऐकायचे. फेडर खाली असला तरी दादा गात राहायचा, ताल सुटू नये म्हणून. कधी मलाच शिव्या द्यायचा, "उघड की आता, किती येळ", आणि मला हसू आवरायचं नाही.

आज काहीच नाही. नुसता श्वास. मान वर करून बघितलं तर ओठ हलत होते. डोळे मिटलेले, हात वर, चेहरा अगदी गाणाऱ्याचा. आवाज नाही.

तीनदा ऐकलं. तिन्हीदा तेच.

कुणाला फसवतोय? आम्हालाच?

२ एप्रिल, गुरुवार

कॉलेजच्या कामानं बाहेर पडले होते. दवाखान्याच्या फाटकात दादा आणि वहिनी. आज त्याची कंपनीत पहिली शिफ्ट, या वेळी तिथं असायला हवा होता, सकाळीच बोलला होता फोनवर. आतल्या पाटीवर कान-नाक-घसा.

हाक मारली नाही. रिक्षाच्या आड उभी राहिले. स्वतःचीच लाज वाटली, पण उभी राहिले.

संध्याकाळी फोन केला. म्हणलं, दिसलात तुम्ही. म्हणला, वहिनीचा उजवा कान दुखतोय.

मग वहिनींना वेगळा फोन. कान कसा आहे? म्हणाल्या, बरा आहे, डावाच जरा ठणकतो.

४ एप्रिल

आईला विचारावं का? नको. आईला सांगितलं की गल्लीला सांगितलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर दादाच्या जुन्या रेकॉर्डिंग ऐकल्या. मागच्या वर्षीच्या, मग दिवाळीच्या, मग जानेवारीच्या. ओळीनं लावून ऐकल्या की कळतं. वरचा सूर आधी नुसता खरखरीत. मग उशिरा लागायला लागला. जानेवारीत त्यानं तिथं पोचायच्या आधीच ओळ सोडलीय, आणि मी ती इकोत टाकून सजवलीय. त्या वेळी वाटलं होतं, काय जमून आलंय.

मी झाकत होते आणि मलाच माहीत नव्हतं.

११ एप्रिल, शनिवार

जयंतीला पिशोर गावात कार्यक्रम. शेवटची प्रॅक्टिस. दादानं विहिरीचं गाणं पूर्ण म्हणायला नकार दिला. "स्टेजवर बघू." असं तो कधीच करत नाही.

म्हणलं, दादा, काय आहे ते सांग. मी बाहेरची आहे का?

म्हणला, तू तुझं मशीन बघ.

आसिफभाई खाली निघून गेले. परत आले ते हातात एक पेडल घेऊन. वाजलेली ओळ पकडून ठेवतं आणि पाय मारला की परत सोडतं. बासच्या सरावासाठी घेतलेलं. माझ्या मिक्सरशेजारी ठेवलं. मी दुसरा सेंड त्याला जोडला. त्यांनी का दिलं, हे मी विचारलं नाही, त्यांनी पण सांगितलं नाही.

दादा जिन्यात उभा होता. त्यानं ते जोडताना बघितलं.

१५ एप्रिल, बुधवार

काल पिशोर. नीट लिहून काढते.

मिरवणूक चौकात आली तेव्हा आमचं सुरू झालं. निळ्या झेंड्यांनी स्टेज दिसत नव्हतं. पहिली गाणी ठीक गेली. दादा खालच्या पट्टीत होता, मी त्याला बासवर टेकवून ठेवलं, इको कमी.

मग विहिरीचं गाणं. "विहिरीच्या पाण्याला नाव न्हाई रं", ही ओळ सुरुवातीला येते आणि शेवटी परत, त्याच चालीत. सुरुवातीला दादानं ती अशी म्हणली की बायका उठून उभ्या राहिल्या. कित्येक महिन्यांत असा सूर लागला नव्हता. माझा हात आपोआप दुसऱ्या सेंडवर गेला, पायानं पेडल दाबलं. ओळ पकडली गेली.

कशासाठी पकडली, हे तेव्हा मला माहीत होतं. नाही म्हणणार नाही.

शेवटाला ढोलकी थांबली, ठरल्याप्रमाणं. दादानं श्वास घेतला. मी फेडर उघडाच ठेवला होता, त्यानं सांगितलं होतं तसा बंद केला नाही. वाटलं, लागलाय आज आवाज, गाऊ दे. "विहिरीच्या" एवढं आलं, आणि पुढं नुसती हवा. त्यानं माझ्याकडं बघितलं. सगळं पिशोर त्याच्याकडं बघत होतं.

मी फेडर ओढला आणि पाय मारला.

ओळ आली. त्याचीच, मगाचची, अख्खी. मी ती इकोत सोडली, इको परत इकोत घातला, स्प्रिंगवर हात मारला, सगळं चौकात गडगडलं. "न्हाई रं... न्हाई रं..." लोक वेडे झाले. दादाचे ओठ बरोबर हलत होते. कुणाला काही कळलं नाही.

खाली उतरल्यावर लोक त्याला खांद्यावर घ्यायला आले. त्यानं हात जोडले आणि बाजूला होऊन माझ्यापाशी आला. खरखरीत, हळू आवाजात म्हणला,

"ते मी नव्हतो."

मी म्हणलं, तूच होतास.

"आता माझी गरज काय तुला?"

आणि टेम्पोत पुढं बसायला गेला. नेहमी मागं माझ्याजवळ बसतो.

१९ एप्रिल, रविवार

वहिनी घरी आल्या. एकट्या. चहाला नको म्हणाल्या, मग घेतला.

दादाच्या स्वरतंतूवर गाठ आहे. फेब्रुवारीतच कळलंय. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. हा म्हणला, जयंतीनंतर. गाठ कसली आहे ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही म्हणे.

मी म्हणलं, मला का नाही सांगितलं तुम्ही?

त्यांनी बशी बाजूला सरकवली. "त्यांनी शपथ घातली होती. त्यांना वाटायचं, तुम्हाला कळलंय आणि म्हणूनच तुम्ही गाण्यात त्यांना बंद करताय. हळूहळू सवय करताय लोकांना."

म्हणजे ते बटन त्यासाठी. मी बंद केलं तरी कुठून तरी आवाज जावा, म्हणून. आणि गेला तो खोकला.

मग त्यानंच मला अजून काढ म्हणलं. सूर पोचत नाही, हे माझ्या आधी त्याला कळलं होतं.

वहिनी निघताना म्हणाल्या, तुम्ही त्यांचे आवाज साठवून ठेवलेत असं ते म्हणतात, खरंय का?

रेकॉर्डिंग तर मी सगळ्यांचीच ठेवते. आसिफभाईंची पण. पण हे बोलताना माझं मलाच पटेना.

६ मे, बुधवार

गाठीचा तुकडा काढून आठवडा झाला. बोलायचं नाही अशी सक्त ताकीद. दादा फोनवर टाईप करून दाखवतो. आईला वाटतंय, घशाला सूज आहे.

आज डॉक्टरांनी त्याला बोलावलं होतं. वहिनी आणि मी बाहेर बाकावर. आत एकटाच गेला, आम्हाला हातानं थांबवलं. बाहेर आला, हसला आणि अंगठा वर केला.

वहिनी रडायला लागल्या. मी पण हसले.

पण फार लवकर हसला तो. आम्ही काही विचारायच्या आत. आणि आत इतका वेळ लागला होता. चांगलंच असतं तर एवढा वेळ कशाला?

वहिनींनी डॉक्टरांना भेटते म्हणलं तर दंड धरून रिक्षाकडं घेऊन गेला.

१० मे

आसिफभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अंगठा दाखवला ना, मान. मग थोड्या वेळानं, "मेरे अब्बा ने भी ऐसेच दिखाया था." आणि परत सोल्डरिंगला लागले. 

१७ मे, रविवार

जालन्याहून फोन. ऑगस्टमध्ये मोठा कार्यक्रम आहे. पिशोरचा व्हिडिओ त्यांच्याकडं पोचलाय. एकच अट, विहिरीच्या गाण्याचा शेवट पिशोरसारखाच पाहिजे, हुबेहूब. मी म्हणलं, विचारून कळवते.

दुपारी माळ्यावर गेले तर दादा आधीच येऊन बसलेला. आसिफभाई खाली गिऱ्हाईकाशी बोलत होते. जालन्याचं सांगितलं. अट पण सांगितली. लपवायचं नाही असं ठरवलंय.

त्यानं टाईप केलं, माझ्या फोनवर आलं. समोरासमोर बसून.

"ती ओळ अजून पेडलमधी आहे का?"

मी म्हणलं, आहे. पुसली नाही.

वर टायपिंग दिसायला लागलं. बराच वेळ. बंद झालं. परत सुरू झालं. मी फोनकडं बघत होते, त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत होत नव्हती.

काहीच आलं नाही. मान वर केली तेव्हा फोन खिशात गेला होता. तो पेडलपाशी उकिडवा बसला होता, वायर अजून जोडलेलीच, आणि एक बोट बटनावर टेकवलेलं. ते बटन नुसतं दाबलं तर ओळ वाजते. दाबून धरलं तर पुसली जाते.

आसिफभाई जिन्यानं वर येत होते. दादानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोट काढलं नाही.