रमलाचे दुकान आणि ठोकायचा पेचकस

मी, शादलिया, सालह अर्बी यांची मुलगी व मरहूम बेलहसन ख्मीरी यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा हत्यारे-अवजारांचे दुकान, राहणार रमला, केरकेना बेट, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ताळ्यावर आहे. हृदय नाही, असे सफाक्सचे डॉक्टर म्हणतात. पण मृत्युपत्र डोक्याने करायचे असते. कोणी दडपण आणलेले नाही. ज्याने आणले असते तो भाऊ कालपर्यंत बरीच वर्षे या बेटावर फिरकलेला नव्हता.

कलम १. मला मूलबाळ नाही. कायद्याने माझा वारस एकच, धाकटा भाऊ तिजानी. घर, अंगणातली खजुराची झाडे आणि टपाल खात्यातली बचत त्याला जाईल. त्यात माझी काही मेहेरबानी नाही.

कलम २. माझ्या उशाशी असलेले कापडी गुंडाळे माझ्या नणंदेच्या मुलीला, यामिनाला द्यावे. त्यात माझे स्वतःचे पेचकस आहेत, आणि ते कसे पारखून घेतले हे तिला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण गिऱ्हाईक तिलाही विचारणार. चपट्या पेचकसाचे टोक खाचेत पूर्ण बसले पाहिजे, रुंदीलाही आणि जाडीलाही. सैल बसला की तो स्क्रूचे तोंड खातो. टोकावर हळूच कानस फिरवून बघावी. कानस घसरली तर पोलाद चांगले, रुतली तर लोखंड मऊ, मग वरची चकाकी कितीही असो. मूठ तेलकट हाताने धरून बघावी, कोरड्या हाताला सगळ्याच मुठी बऱ्या वाटतात. गाडीसाठी दांड्याच्या मुळाशी षटकोन असलेला घ्यावा, म्हणजे पाना लावून जोर देता येतो. आमच्याकडे समुद्राची हवा स्क्रू गिळून बसते, तिथे नुसते मनगट पुरत नाही.

जपानी पिकअपच्या फुलीच्या स्क्रूंवर आमचा फुलीचा पेचकस का उसळतो, हे मला कित्येक वर्षे कळत नव्हते. स्क्रू मऊ आहेत, असे माझा नवरा म्हणे. यामिनाने एकदा कार्बुरेटरचा स्क्रू माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मामी, याच्या डोक्यावर बारीक ठिपका आहे बघ. बाकीच्यांवर नाही." आम्ही दोघींनी दुकानातले सगळे फुलीचे स्क्रू काचेखाली बघितले. जेवण राहून गेले. ठिपकेवाल्यांची फुलीच वेगळ्या घडणीची निघाली, आणि त्यांचा पेचकसही वेगळा मिळतो. त्या दिवशी मी ठरवले की दुकान हिला द्यायचे.

कलम ३. दुकान. इथे थोडे मागे जावे लागेल.

वडिलांनी दुकान माझ्या नावावर केले होते, पण त्यांच्यानंतर मी आणि तिजानी दोघे मिळून ते बघत होतो. माझी नणंद लतीफा शिवणकाम करायची, सगळ्या रमलाच्या नवऱ्या मुली तिच्याकडे यायच्या. तिच्या अंगणातले दिव्याचे बटण सैल झाले म्हणून ती पेचकस घ्यायला आली. मी नव्हते. तिजानीने तिला सगळ्यात दणकट दिला, मुठीच्या टोकाला लोखंडी टोपी असलेला. "हा घे लतीफा, जन्मभर टिकेल," म्हणाला. तिने ओल्या फरशीवर उभे राहून बटण उघडले. मुख्य बटण बंद केले नव्हते. झटका टोपीतून थेट तळहातात गेला. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे वळली ती सरळ झाली नाहीत. तिने पुन्हा सुई धरली नाही.

मी तो पेचकस घरी आणला आणि मूठ करवतीने उभी चिरली. मला बघायचे होते. दांडा टोकापासून टोपीपर्यंत सलग होता. मी तिजानीला दाखवले आणि म्हणाले,

"हत्यार खोटं नाही. हे ठोकायचं आहे. गाडीच्या गंजक्या स्क्रूवर ठेवून वरून हातोडा मारायचा. विजेच्या कामाला हे द्यायचंच नसतं."

"मला कुठं माहीत होतं?"

"कशाला पाहिजे, एवढं तरी विचारायचंस."

"असं प्रत्येकाला विचारत बसलो तर दुकान चालेल का, ताई?"

यावर मी म्हणाले, तर मग तू चालवू नकोस. पुढच्या फेरीबोटीने तो सफाक्सला गेला आणि तेलाच्या वखारीत लागला. मी बोलले ते मला आजही बरोबर वाटते. तो लतीफाला भेटायला गेला नाही, ते मी विसरलेले नाही. ती वारली तेव्हाही आला नाही.

यामिना दुकान मागत नव्हती. ती बंदरावर होड्यांची इंजिने आणि पिकअप दुरुस्त करते आणि आईच्या दोन बोटांबद्दल कधी बोलत नाही. पण दुकान तिला द्यायचे, मालासकट आणि जागेसकट, अशी माझी इच्छा आहे.

कलम ४. नोटरी उस्ताद नूरी मसमूदी यांनी सांगितले की असे करता येणार नाही. वारस नसलेल्याला मिळकतीच्या एक-तृतीयांशापर्यंतच देता येते आणि दुकान त्याहून जास्त भरते. त्यावर द्यायचे तर वारसाची संमती हवी. म्हणजे तिजानीची. मी तीन दिवस त्यांच्याशी वाद घातला आणि मग निरोप पाठवला.

तो काल आला. म्हातारा झालाय. ऑक्टोपस घातलेला कुसकुस त्याला आवडतो, तो यामिनानेच रांधला होता, मी सांगितले नव्हते. जेवणे झाली. मग उस्ताद नूरी लिहायला आले आणि त्यांच्यासमोर मी त्याला दुकानाचे सांगितले. त्याने माझ्याकडे बघितलेच नाही. यामिनाकडे वळून म्हणाला, "तुझ्या आईकडे मी आलो नाही. दारापर्यंत दोनदा आलो होतो."

यामिना म्हणाली, "माहीत आहे, काका. आईने खिडकीतून बघितलं होतं."

"मग हाक का नाही मारली?"

"ती म्हणायची, त्याला आत यायचं असेल तर तो येईल."

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "दुकान हिचंच. लिहा."

उस्ताद नूरींनी लेखणी खाली ठेवली. कायद्याप्रमाणे हयातीतली संमती धरत नाहीत. माझ्यामागे तिजानीला पुन्हा विचारावे लागेल आणि तेव्हा तो नाही म्हणाला तर कोणी काही करू शकणार नाही. हे त्यांनी दोनदा समजावून सांगितले.

"तेव्हाही हेच सांगेन," तिजानी म्हणाला.

मी खात्री मागितली नाही. तो खरेच तसे म्हणेल का, हे जाणून घ्यायला मला फार आवडले असते. ते ऐकायला मी नसणार, म्हणून यामिनाने ऐकावे, आणि तो काहीही म्हणाला तरी त्याला जेवल्याशिवाय फेरीबोटीवर पाठवू नये.

हे मला वाचून दाखवले. सांगितले तसेच आहे.

सही: शादलिया अर्बी

साक्षीदार:
वसीला बूगत्तास, मुख्याध्यापिका
जलूल केफी, फेरीबोटीचे तिकीटवाले

वारस म्हणून हजर: तिजानी अर्बी. माझ्या बहिणीच्या पश्चात मला विचारावे. मी सफाक्सला नसेन, इथेच असेन.

रमला, केरकेना. २३ ऑक्टोबर २००९.